दोष गाळणीचा नव्हता

बोटीतला एसी बंद पडला की लोक आधी एसीकडं पाहतात. रिमोट दाबतात, झडपेसमोर हात धरतात, रिमोटमधले सेल काढून दातानं चावतात आणि पुन्हा घालतात. मी आधी बोटीच्या बाहेर पाहतो. बोटीच्या अंगातून पाण्याची धार पडते का? करंगळीएवढी पडते की अंगठ्याएवढी? सरळ पडते की खोकत खोकत? एवढं पाहिलं की अर्धा रोग कळतो. उरलेला अर्धा शोधताना मात्र माझ्यासारखा जुना माणूसही तोंडावर आपटतो. आज तेच सांगायला बसलो आहे.

नागपुरात बोट कुठून आली, असं विचाराल. समुद्र नाही आमच्याकडं, पण धरणं आहेत, तलाव आहेत आणि सुटीच्या दिवशी पाणी पाहायला निघालेलं अख्खं नागपूर आहे. पाण्याजवळ गेल्यावरही या लोकांना उकडतंच. म्हणून बोटीत एसी.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. सातवीचा निकाल पाहायला मी गेलोच नाही, त्यामुळे पास की नापास हे आजवर माहीत नाही. या अंकाचे संपादक आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतले. त्यांचा फ्रीज मी तीनदा मरता मरता वाचवला. ते म्हणाले, "काका, लिहा. जसं बोलता तसंच लिहा." मी म्हटलं, "जसं बोलतो तसं लिहिलं तर तुमचा अंक पोरीबाळींच्या घरात ठेवता येणार नाही." म्हणून जरा धुऊन, वाळवून लिहितो.

माझी बायको विमल असती तर तिनं आधी ऐकून घेतलं असतं आणि जास्त वाटलं ते काढायला लावलं असतं. ती होळीच्या आधी गेली. घरात आता मी आणि तिचा कूलर. लोकांच्या घरी मी एसी लावत फिरलो, आपल्या घरी लावला नाही, कारण एसीत तिचं डोकं दुखायचं. यंदाच्या उन्हाळ्यात त्या कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायला माझा हात गेला नाही. तसाच झाकून ठेवला. त्याबद्दल एवढंच.

धंद्याला सुरुवात केली ती कूलरपासून. नागपूरचा मिस्त्री कूलरच्याच पाण्यात पोहायला शिकतो. ताट्यांत गवत भरायचं, पत्र्याला डांबर लावायचं, टाकीतला छोटा पंप बदलायचा. तो पंप बिचारा जन्मभर पाण्यात बुडून बसलेला असतो. टाकीत पाणी आहे तोवर पंप पाणी ओढणार, यात शंका घ्यायला जागा नाही. ही गोष्ट डोक्यात अशी पक्की बसली की पुढं तिनंच मला खड्ड्यात घातलं.

मग खिडकीचे एसी आले. गिऱ्हाइकंही वेगळी आली. धरमपेठेत एक रिटायर साहेब होते. त्यांच्याकडं काचेचा थर्मामीटर होता. एसीवर चोवीस लिहिलं आहे आणि थर्मामीटर सव्वीस दाखवतो, म्हणून त्यांनी मला चार वेळा बोलावलं. चार वेळा मी गॅस पाहिला, जाळी धुतली, काही सापडेना. पाचव्या वेळी नीट पाहिलं, तर साहेब थर्मामीटर ठेवायचे टेबलावर आणि शेजारी ठेवायचे चहाचा थर्मास. मी थर्मास उचलून खिडकीत ठेवला. दहा मिनिटांत पारा उतरला. साहेब म्हणाले, "पण थर्मास तर बंद असतो." मी म्हटलं, "साहेब, बंद तर तुमचं डोकंही आहे, तरी गरम होतेच ना." ते गिऱ्हाईक गेलं. विमल म्हणाली, "एवढं बोलायची काय गरज होती?" गरज नव्हती. पण मी तसाच होतो. माझं तोंड फाटकं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि मला त्याचा अभिमान होता. वाटायचं, आपण खरं बोलतो, म्हणून लोकांना लागतं.

पाण्यावर चालणारा एसी शिकलो बुटीबोरीला. तिथं एका सूत गिरणीत मोठं मशीन होतं, पाण्यानं थंड होणारं. कापसाचं तूस उडून पाण्यात पडायचं आणि नळ्यांत गादी भरल्यासारखं बसायचं. आठ दिवसांनी नळ्या उघडायच्या, सळईनं ब्रश मारायचा. त्यामुळं पाण्यात घाण आली की एसी बसतो, ही दुसरी गोष्टही डोक्यात पक्की झाली.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगतो. एसी थंडी तयार करत नाही. तो हमाल आहे. खोलीतली गरमी उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. घरचा एसी ती गरमी हवेत टाकतो. आमच्या बोटीतला पाण्यात टाकतो. त्यासाठी बोटीच्या अंगाला, पाण्याच्या पातळीखाली, एक भोक असतं. तिथून तलावाचं पाणी आत येतं. आधी व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग पंप. पंप ते पाणी मशीनच्या नळ्यांतून फिरवतो, पाणी गरमी घेतं आणि वरच्या अंगाला दुसऱ्या भोकातून धार होऊन परत तलावात पडतं. ती धार म्हणजे नाडी. धार थांबली की गरमी आतच साचते, गॅसचा दाब चढतो आणि मशीन स्वतःचा जीव वाचवायला बंद होतं. आम्ही म्हणतो, ट्रिप झालं.

एवढंच आहे सगळं. विमानाचं काम नाही. पण गाळणीत काय काय येतं ते पाहा. शेवाळ येतं, बेशरमाची पानं येतात, गोगलगायी येतात, कोणाच्या नवसाच्या हाराचा दोरा येतो. आणि खर्ऱ्याच्या पन्न्या येतात. खर्रा म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटलेला माल, प्लास्टिकच्या पन्नीत बांधून मिळतो. माणूस खर्रा तोंडात टाकतो आणि पन्नी पाण्यात. आमच्या तलावातल्या माशांना गळ टाकला तर ते आधी चुना मागत असतील.

आता बोटीची गोष्ट.

नागपूरपासून दीडएक तासावर एका धरणाच्या पाण्यात एक शेठ मोठी बोट चालवायचा. खाली काचा लावलेला हॉल, वर छत. हॉलला एसी बसवायचं काम माझ्याकडं आलं. बोट उन्हाळ्यात काठावर ओढून ड्रमांवर चढवलेली होती, तेव्हाच भोक पाडायचं होतं. आता भोक कुठं पाडायचं? मी विचार केला, बुडाला पाडलं तर धक्क्याजवळ पाणी कमी, चिखल ओढला जाईल, नळ्या भरतील. बुटीबोरीचं तूस डोळ्यांसमोर होतं. म्हणून उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली एक वीतभर जागा धरली आणि खडूनं गोल काढला.

बोट चालवायचा शालिक. काठावरच्याच गावातला, ढिवर. बापजाद्यांपासून पाण्यावरचा माणूस, बोलायला मोजका. तो फुटाणे खात उभा होता. खडूचा गोल पाहून म्हणाला, "मिस्त्री, थोडं खाली घ्या ना गा. बुडाजवळ."

मी म्हटलं, "काहून?"

"माणसं एका अंगाले धावतात. मंग हे अंग वर येते."

मी म्हटलं, "तू डोंगा चालव. एसी मले शिकवू नको. लोकं धावले म्हणून तलावातलं पाणी पळून जाते काय?"

धक्क्यावरचे दोनचार जण हसले. शालिकनं तोंडात फुटाणे टाकले आणि गेला. मी भोक पाडलं. काम सुंदर झालं. पाइप असा बसवला होता की पाहत राहावं. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात गेली, एसी सुरू झाला, धार अंगठ्याएवढी. शेठ खूश. मी त्याहून खूश.

नवरात्रापासून गर्दी सुरू झाली. ऑक्टोबरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे, एप्रिलची आठवण काढतं. आणि शेठचे फोन सुरू झाले. "मिस्त्री, एसी बंद पड गया. पब्लिक पैसा वापस मांग रही है."

मी जायचो. बोट धक्क्याला लागलेली असायची. व्हॉल्व्ह बंद करून गाळणी उघडायचो. आत पाचसहा पन्न्या, थोडं शेवाळ. ते काढायचो, धुवायचो, व्हॉल्व्ह उघडायचो, पाणी वर आलं की झाकण बसवायचो, पंप लावायचो. धार चालू! एसी चालू! अर्धा तास बसून पाहायचो, बर्फासारखी हवा. घरी यायचो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गाळणी उघडली की चालू.

आता तुम्हीच सांगा, गाळणी उघडली की चालू होतं म्हटल्यावर कोणता मिस्त्री रोग दुसरीकडं शोधेल? मी शालिकला विचारलं, "गाळणी साफ करतो का नाही रोज?"

"रोज सकाळी करतो ना."

"मंग ह्या पन्न्या कोणाच्या बापाच्या?"

"पाण्याच्या आहेत, मिस्त्री. दिवसभरात येतातच. पण त्यानं नाई होत. ते अंग वर..."

मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. चौथ्यांदा बोलावलं तेव्हा रविवार होता. धक्क्यावर तिकिटाची रांग, चहावाला, शेठ, सगळे होते. मी गाळणीतल्या पन्न्या मुठीत धरून वर आलो आणि शेठसमोर धक्क्यावर आपटल्या. ओरडून म्हटलं, "हे पाहा तुमच्या माणसाचं काम! हा खर्रा खाते, पन्न्या इथंच टाकते आणि गाळणीले हात लावत नाही. मशीन माझं चांगलं आहे. माणूस तुमचा खराब आहे."

शालिक खर्रा खात नव्हता. हे धक्क्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं, माझ्याशिवाय. तरी कोणी बोललं नाही. शेठला कोणावर तरी राग काढायचाच होता. त्यानं शालिकला तिथंच सांगितलं, "कल से मत आना."

शालिकनं बोटीची चाबी तिकिटाच्या खिडकीत ठेवली. माझ्याकडं पाहून म्हणाला, "बरं आहे, मिस्त्री." आणि काठाकाठानं गावाकडं गेला. रांगेतले लोक त्याच्याकडं वळून वळून पाहत होते. मी हात धुतले आणि चहा प्यायलो. घरी येऊन विमलला सगळं सांगितलं, तेही शेखी मिरवून. तिनं विचारलं, "तुमी त्याले खर्रा खाताना पाह्यलं होतं का?" मी म्हटलं, "त्यात काय पाहायचं?"

नवा माणूस शेठच्या दुसऱ्या लहान बोटीवरचा. त्याला मी समोर बसवून गाळणी साफ करायला शिकवलं. तो दिवसातून दोनदा करायचा. तरी आठवड्यात पुन्हा फोन. मी म्हटलं, आता एक फेरी मारूनच पाहू. तोवर मी एकदाही माणसांनी भरलेल्या बोटीत बसलो नव्हतो, हे कबूल करायला लाज वाटते. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या बोटीतच तपासायचो. डॉक्टरनं झोपलेल्या माणसाला पाहून सांगावं की हा लंगडत नाही, तसलं ते.

विमलनं त्या दिवशी हट्ट धरला. "जगाच्या बोटी दुरुस्त करता. मले कधी बसवलं काय?" म्हटलं, चल. तिनं शिदोरीत सांभारवड्या, आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या, बांधल्या, ठेवणीतलं लुगडं नेसली. नवा माणूस गाळणी साफ करताना मी स्वतः उभा राहून पाहिलं. आरशासारखी केली. धार अंगठ्याएवढी. निघालो.

विमल हॉलमध्ये पाच मिनिटं बसली आणि डोकं धरून बाहेर आली. उजव्या अंगाच्या कठड्याला धरून उभी राहिली, मी तिच्या बाजूला. तलावाच्या मधात एक बुडालेलं झाड आहे. नुसत्या काळ्या फांद्या वर आलेल्या आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. बोट त्याला डाव्या हाताला ठेवून जाते. झाड दिसलं आणि अख्खी बोट उठली. हॉलमधले, छतावरचे, म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, सगळे मोबाइल घेऊन डाव्या कठड्याला. उजवीकडं राहिलो आम्ही दोघं. बोट डावीकडं कलली, आमचं अंग वर उचललं गेलं. विमलनं माझा दंड धरला. खाली वाकून पाहत होती.

म्हणाली, "अवो, धार खोकलून राहिली."

मी म्हटलं, "तुले काय समजते त्यातलं?"

"आता तर बंदच झाली."

मी वाकून पाहिलं. धार नव्हती. आणि खाली, वीतभर पाण्यात असायला पाहिजे होतं ते माझं भोक, बरोबर पाण्याच्या तोंडाशी आलं होतं आणि भुरभुर करत हवा ओढत होतं. तहानलेला माणूस तळ लागलेला गिलास चोखतो ना, तसा आवाज.

फोटो झाले, लोक परत आले, बोट सरळ झाली. भोक पुन्हा पाण्यात गेलं. पण धार आली नाही. पंपाच्या पोटात हवा बसली होती. पंप गरगर फिरत होता, पण हवेतच. कूलरवाल्याच्या डोक्यात हे कधी येत नाही, कारण त्याचा पंप पाण्यातच बुडालेला असतो. पाणी समोर असून पंप ते ओढू शकत नाही, हे मी कबूल करायलाच तयार नव्हतो. पंधरा मिनिटांत मशीन ट्रिप झालं. हॉलमधल्या बायका पदरानं वारा घेऊ लागल्या.

मग सगळं लखलखीत दिसलं. धक्क्यावर येऊन मी गाळणी उघडायचो तेव्हा पन्न्या निघायच्या ते खरं, पण झाकण उघडलं की आतली कोंडलेली हवाही निघून जायची आणि पाणी पंपात शिरायचं. रोग जायचा तो हवेचा, आणि मी नाव घ्यायचो पन्न्यांचं. शालिकनं बोट काठावर असतानाच सांगितलं होतं. दोन वाक्यांत सांगितलं होतं.

परतताना आम्ही बसमध्ये बसलो. विमलनं विचारलं, "मग त्या माणसाचं काय?"

मी म्हटलं, "पाहू."

"पाहू काय? दिवाळी तोंडावर आहे. त्याच्या घरी काय शिजत असन?"

"भोक बदलून देतो ना. शेठले सांगतो, नवीन पद्धत आली आहे."

ती माझ्याकडं वळली. "जगाले तोंडावर बोलता. तोंड फाटकं आहे म्हणून मिरवता. मग आज काहून शिवलं?"

बसमधले दोघंतिघं हसले. आठ दिवस मी काहीच केलं नाही. विमल जेवायला वाढायची, चहा द्यायची, शेजारणींशी हसायची. फक्त माझ्याशी कामापुरतं बोलायची. "पाणी आलं." "भाजी आणा." त्या आठ दिवसांत मला समजलं की घरात आवाज माझा होता, पण घर तिच्या बोलण्यावर चालायचं. आता तर चांगलंच समजतं.

नवव्या दिवशी मी शालिकच्या गावाला गेलो. त्याच्या घरी कोणीतरी म्हणालं, तळ्यावर आहे, शिंगाडे तोडायला. दुसऱ्याच्या तळ्यावर मजुरीनं. दोन रिकाम्या हंड्यांवर बांबू बांधून त्यावर तो बसला होता, कमरेपर्यंत पाण्यात, तळ्याच्या अगदी मधात. मी काठावरून हाक मारली.

"शालिक! जय भीम!"

"राम राम, मिस्त्री." हात थांबले नाहीत.

"माझी चूक झाली गा! भोक चुकलं माझं! गाळणीचा दोष नव्हता!"

तो वेली उलटून शिंगाडे तोडत होता, टोपलीत टाकत होता. तसाच तोडत म्हणाला, "मले सांगून काय फायदा? मले तर माहीतच होतं."

मी म्हटलं, "मी शेठशी बोलतो. तुले परत घ्यायला लावतो."

"नोकरी तर मिळन हो. पोरगी माही दहावीले आहे. तिले शाळेत पोट्टे म्हणतात, तुहा बाप खर्रेवाला." त्यानं टोपली समोर ढकलली. "जिथं बोलले तिथंच बोला. मग येतो."

शेठकडं गेलो. त्याला आधी भोकाचं सांगितलं. बोट काठावर ओढून बुडाजवळ भोक घ्यायचं तर चार दिवस बोट बंद. शेठ म्हणाला, दिवाली की भीड में चार दिन बंद? दिवाली के बाद देखेंगे. मी म्हटलं, मग दिवाळीपर्यंत एकच इलाज आहे. लोकांना दोन्ही अंगाला सारखं बसवायचं आणि झाडाजवळ धावू द्यायचं नाही. नव्या माणसाचं लोक ऐकत नाहीत, तो स्वतःच फोटो काढत बसतो. बोट कशानं कलते हे जाणणारा, मुभा दिली तर लोकांना जागेवर बसवणारा माणूस एकच होता, आणि तुम्ही त्याला माझ्या सांगण्यावरून काढलं.

शेठ म्हणाला, "तो बुला लो ना उसको. इसमें बोलने का क्या है?"

मी म्हटलं, "बोलने का ही है."

शालिकला निरोप धाडून पुढच्या रविवारी मी धक्क्यावर गेलो. विमल सोबत आली, मी न बोलावता. शालिक चहाच्या टपरीजवळ हात मागं बांधून उभा होता, धुतलेला सदरा घालून. रांग होती. शेठ तिकिटाच्या खिडकीत. मी रांगेसमोर उभा राहिलो. सगळी हयात मी लोकांना त्यांच्या चुका सांगितल्या होत्या, हे काम नवं होतं. म्हटलं, "मी या बोटीचा एसी मिस्त्री. त्या दिवशी इथं मी शालिकले खर्रेवाला म्हटलं, गाळणी साफ करत नाही म्हटलं. ते खोटं होतं. भोक मी चुकीच्या जागी पाडलं. त्यानं आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बोलून झालं. मी शालिककडं पाहिलं.

तो म्हणाला, "मिस्त्री, त्या दिवशी तिकडं पार्किंगपर्यंत आयकू गेलं होतं."

टपरीवर कोणीतरी फिसकन हसलं. विमल पुढं आली, पदर खोचून. शालिकला म्हणाली, "बरोबर आहे, भाऊ. ह्यायचा आवाज घरात याहून मोठा असते."

मग मी पुन्हा बोललो. जेवढा आवाज आहे तेवढा लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पार्किंगमधले ड्रायव्हर उठून उभे राहिले. चहावाल्यानं गाळणं धरलेला हात तसाच ठेवला. बोलता बोलता मला खोकला आला, तरी मी "त्यानं आधीच सांगितलं होतं" हे वाक्य सोडलं नाही.

रांगेतली एक बाई घाबरून म्हणाली, "बापा! बोटीले भोक आहे म्हणता? बुडते काय हे?"

लोक रांग सोडू लागले. शेठ खिडकीतून अर्धा बाहेर आला. "अरे शालिक, चल बे, ये चाबी पकड. पब्लिक को समझा!"

शालिकनं चाबी घेतली. सावकाश बोटीच्या फळीवर चढला आणि रांगेकडं तोंड करून उभा राहिला. म्हणाला, "बुडत नाई, बाई. या. पण मी जिथं बसवीन तिथं बसायचं. झाड दिसलं म्हणून उठायचं नाई. फोटोसाठी मी बोट फिरवून देतो, दोन्ही अंगाले."

लोक आत जाऊ लागले. तो एकेकाला हातानं दाखवत होता, तुम्ही इकडं, तुम्ही तिकडं. विमलला म्हणाला, "बाई, तुमी डावीकडं." मग मी आलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, नुसता हात केला, उजवीकडं. मी उजवीकडं जाऊन बसलो. मधात सगळी माणसं होती. विमल तिकडून माझ्याकडं पाहत होती, आणि बोट सरळ होती.